वेन्सेच्या ओळी

१ ऑगस्ट

सकाळी रिकाम्या पोटी उसाची दारू, लिंबू आणि सताप घातलेले तीन घोट घेतले. ऑगस्ट म्हाताऱ्या गाई आणि अशक्त माणसं घेऊन जातो, म्हणून पहिल्या तारखेला सगळं गाव घेतं. सवयीनं पेले दोन भरले गेले. दुसरा काराई अपारिसिओंना दिला; आमच्या गावात मानानं पुरुषाला काराई म्हणतात, बाईला न्या. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आमच्या कुंपणाला लागून आहे आणि ते नेमके कुंपणाशीच उभे होते.

"पेला जास्त झाला की हाक मारत जा, न्या देओलिंदा," म्हणाले.

काल दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. रक्तदात्यांची यादी त्याच्यावर चालायची. आमच्या कारांदाइती गावाला रक्त साठवायची सोय नाही, म्हणून माणसांची नावं साठवतात: कुणाचा गट कुठला, राहतो कुठे, शेवटचं रक्त कधी दिलं. पूर्वी हे कागदावर होतं. एकदा कपाटाची किल्ली सापडेपर्यंत एक माणूस गेला. त्यानंतर माझ्या नवऱ्यानं, वेन्सेस्लाओनं, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता पुस्तकं वाचून हा प्रोग्राम लिहिला. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दवाखान्याच्या खिडकीशी नावं लिहून घ्यायला मी बसते.

प्रोग्रामची प्रत घरी आहे, नावांचीही आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सरकारनं नवा डेटाबेस बसवून दिलाय. डॉक्टर इन्सफ्रान म्हणाले, "त्याच्याशी जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर ऑक्टोबर संपल्यावर आपली यादी बंद. रक्त राजधानीहून मागवू."

राजधानी चार तासांवर आहे, तेही पूल उघडा असला तर. मला मावशी म्हणणाऱ्या निन्फाला नोव्हेंबरात दिवस भरतात. तिचा गट ओ निगेटिव्ह. पहिल्या वेळी तिचं रक्त थांबत नव्हतं आणि या यादीतल्या दोघांनी येऊन तिला वाचवलं.

यादी बंद होऊ द्यायची नाही. विसरू नये म्हणून लिहून ठेवतेय.

९ ऑगस्ट

विभागाच्या कचेरीतून इंजिनियर आली. ग्रिसेल्दा, चाळिशीची, बसमध्ये उलटी झालेली. तिला आधी पुदिन्याचा काढा दिला.

"तुमच्या नवऱ्याचा प्रोग्राम एका खोलीत आणि डेटाबेस दुसऱ्या," ती म्हणाली. "दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये बोलणारा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात."

"म्हणजे मी," मी म्हटलं. डॉक्टर स्पॅनिश बोलतात, खेड्यातल्या बाया ग्वारानी. खिडकीशी बसून नावं लिहिण्याबरोबर तेही मीच करते.

"अगदी तुम्हीच. फक्त जुन्या डेटाबेसला जुना दुभाषा कळायचा. या नव्याला दुसरा लागेल." मग तिनं वेन्सेचा प्रोग्राम उघडून खाली-वर पाहिला. "खरं सांगू? सगळा नवाच लिहिते. पंधरा दिवसांत देते."

"नको."

"फार जुना झालाय हो."

"मीही झालेय. खिडकीवरून उठवलं का कुणी?"

"मग निदान मध्ये थोडं..."

"त्याच्या एकाही ओळीला हात लागता कामा नये. दार बदल, कुलूप बदल. आतलं आहे तसं राहील."

तिनं ब्लासिदाकडे पाहिलं. ब्लासिदा रक्ताच्या खोलीतली नर्स आणि माझी कोमाद्रे. तिच्या धाकटीला बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं. ब्लासिदा छताकडे बघत राहिली.

"बरं," ग्रिसेल्दा म्हणाली. "सुरुवातीला नवा ड्रायव्हर जोडते. आणि अगदी शेवटी, प्रोग्राम बंद होताना, त्याला 'सगळं पक्कं कर' म्हणून सांगायला लावते. मधलं सगळं तुमच्या नवऱ्याचं."

तिनं जुनी नावं भरली. ब्लासिदाचं नाव नव्यानं टाकलं, प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. नाव होतं. मी तिला वाटेसाठी चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, बांधून दिले आणि बसमध्ये मागे बसू नकोस म्हणून सांगितलं.

२४ ऑगस्ट

ब्लासिदाशी भांडण. तिच्या खोलीतही एक कॉम्प्युटर आहे. मी खिडकीशी लिहिते ते तिला तिथं दिसायला हवं. दुपारी तणतणत आली.

"कोमाद्रे, सकाळपासून लोकर विणत बसली होतीस का? एक नवं नाव नाही."

"माझ्या पडद्यावर रांग लागलीय. ये, बघ."

"माझ्या पडद्यावर माशी बसलीय. तेवढीच नवी."

तिला ओढत आणून दाखवलं. माझ्याकडे होती सगळी नावं. तिच्याकडे गेलो, तिथं नव्हती. संध्याकाळी सगळं बंद करून घरी आले, तर तिचा फोन. "आता दिसतात. जाता जाता टाकलीस ना?"

"सकाळी टाकली!"

"असू दे, असू दे. वय झालं की होतं असं."

ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे.

६ सप्टेंबर

काल पहिलं वादळ झालं. दुपारच्या झोपेच्या आधी ढगानं एकदाच आवाज केला. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढली, पडदे लावले, घरी आले. आज पुन्हा सुरू केलं तर कालची सकाळची सगळी नावं गायब. तिच्याकडूनच नाही, माझ्याकडूनही. आपण लिहिलीच नव्हती असं वाटावं इतकी साफ.

नवा दुभाषा चोर आहे.

७ सप्टेंबर

ग्रिसेल्दाला फोन केला.

"तुम्ही प्रोग्राम बंद कसा करता, न्या देओलिंदा?"

"सगळे करतात तसा."

"नीट बंद केलात की पक्कं व्हायला हवं. माझ्याकडे होतंय." तिनं तिकडे काहीतरी टाइप केलं. "एक उपाय आहे. पण त्यासाठी मला आत जावं लागेल. मधल्या ओळींत."

"नाही."

"एकच ओळ."

"ग्रिसेल्दा, तो प्रोग्राम इतकी वर्षं चालला. एक नाव गेलं नाही. दोष आहे तो नव्यात. तो शोध."

तिनं ड्रायव्हरची माहिती छापून बसनं पाठवते म्हणून सांगितलं. "तुम्ही वाचता ना?" मी वाचते. शाळेत दोनच वर्षं गेले, पण सामान गुंडाळून आलेलं प्रत्येक वर्तमानपत्र मी सरळ करून वाचलंय.

काराई अपारिसिओ यादीत आपलं नाव आहे का विचारायला आले. परवाही आले होते. पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत, ते केव्हाच सत्तरीचे झाले, नाव वेन्सेनंच काढलं होतं. तसं सांगितलं. "तरी एकदा बघा," म्हणाले. रिकामटेकड्यांना काय, दवाखान्यातही करमतं.

२१ सप्टेंबर

वादळात पुन्हा नावं गेली. मी सायकल काढली आणि गेलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन पुन्हा विचारून आले. विटांच्या भट्टीवरचा एकजण म्हणाला, "न्या देओ, माझं रक्त दोनदा लिहून घेतलंत. काढणार पण दोनदा का?"

"तुझ्यात दोनदा काढण्याइतकं असतं तर भट्टी सोडून बैल झाला असतास."

सगळे हसले. हसू देत. नावं मिळाली.

वाटेत निन्फा भेटली, कपडे वाळत घालत होती. पोट चांगलं पुढं आलंय. "यादी चालू झाली ना, मावशी?"

मी "झाली" म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही. आता ते खरं करावं लागेल.

२ ऑक्टोबर

डॉक्टर इन्सफ्राननी बोलावलं. माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही. "न्या देओलिंदा, ब्लासिदाला यादीवर भरवसा ठेवता येत नाही. नाव आहे म्हणून माणूस शोधायला जायचं आणि नाव नाही म्हणून जायचं नाही, हे जिच्यावर ठरतं ती यादीच डळमळीत असेल तर नसलेली बरी. महिनाअखेरपर्यंत बघू."

मी "बघू नका, होईल" म्हटलं आणि उठले. बाहेर आल्यावर बाकावर बसून कुणाचीतरी वाट पाहतेय असं दाखवलं.

८ ऑक्टोबर

छापील माहिती वाचतेय. एका पानावर अडले. तिथं लिहिलंय की 'पक्कं कर' असं सांगितलं जाईपर्यंत केलेली प्रत्येक गोष्ट फक्त त्या एका जोडणीपुरती असते. इतर कुणाला दिसत नाही. जोडणी मध्येच तुटली तर ती गोष्ट झालीच नाही असं धरतात.

शब्द सगळे कळले. असा दुभाषा कुणी का ठेवावा ते कळलं नाही.

११ ऑक्टोबर

आज कळलं. न्या सिन्फोरियाना आली होती, डोंगरापलीकडची, स्पॅनिशचा शब्द येत नाही. मी तिच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये बसले.

"पोटात जळतं," ती म्हणाली. मी सांगितलं. डॉक्टर लिहायला लागले.

"रात्री जास्त." सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं नाव लिहिलं.

"आणि बाळ पिणं सोडत नाही."

डॉक्टरांनी पेन थांबवून म्हातारीकडे पाहिलं.

"माझ्या नाही, सुनेच्या पोटात," ती वैतागून मला म्हणाली. "पूर्ण बोलू तरी देशील का? तू काय पोपट आहेस, अर्धं तोंडातून पडलं की उचललं?"

डॉक्टरांनी कागद फाडला. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला त्या गोळ्या चालत नाहीत. मग मी तोंड मिटून बसले. म्हातारी तिचं सगळं बोलली, मध्ये दोनदा आपलंच खोडलं, शेवटी "एवढंच" म्हणाली. त्यावर मी एकदाच सगळं सांगितलं.

खिडकीशी परत आले आणि ते छापील पान पुन्हा काढलं. जुना दुभाषा पोपट होता. वेन्सेनं एक अक्षर टाकलं की तो उचलून पोचवायचा. नवा "एवढंच" ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही. माझं बोलणं तो ऐकत असतो, म्हणून मला माझी नावं दिसतात. ब्लासिदाला तो अजून काही बोललेलाच नसतो. आणि दिवसभरात "एवढंच" म्हणायची जागा एकच: ग्रिसेल्दानं ठेवलेलं शेवटचं दार, प्रोग्राम बंद करताना. वीज कडाडली की मी त्या दारातून जातच नाही. वायर ओढते. मधेच उठून गेलेल्या म्हातारीचं बोलणं कोण सांगणार?

जुन्या यादीत काही नावं अर्धीच होती. गट आहे, पत्ता नाही. त्यावरून मी वेन्सेला वेंधळा म्हणायची. तो वेंधळा नव्हता. वीज गेली तेव्हा पोपटानं तेवढंच उचललेलं होतं.

म्हणजे "एवढंच" प्रत्येक माणसाच्या शेवटी म्हणायला हवं. ती जागा मधल्या ओळींत आहे.

१२ ऑक्टोबर

दवाखान्यात गेले नाही. कोंबड्यांचं खुराडं धुतलं. ते स्वच्छच होतं.

१३ ऑक्टोबर

ग्रिसेल्दाला फोन. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"शेवटी पक्कं होतंय तर चालेल असं वाटलं. तुम्ही रोज नीट बंद करत असाल असं धरून चालले."

"वीज कडाडली की मी वायर ओढते."

"काय?" मग ती हसायला लागली, वाईट हसणं नव्हतं. "अहो, घरी मीही ओढते! आईनं थोबाडीत मारून शिकवलंय. पण कचेरीत कुणी ओढत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"पाऊस आला की कपडे आत घेतो, हे तरी कुणी सांगतं का?"

"आता?"

"आता मधली ओळ. तू सांग, मी लिहिते."

वेन्सेचा प्रोग्राम मी रोज वापरते, पण आतून कधी वाचला नव्हता. ओळी त्याच्या बोलण्यासारख्या आहेत, आखूड. नाव विचार. गट विचार. कुठे राहतो विचार. रिकामं सोडलं तर पुन्हा विचार. त्याचा आवाज येत होता म्हणणार नाही. आवाज मला आठवत नाही आता, हेच खरं. पण माणसाला तो कसा विचारायचा ते तिथं होतं, एकामागून एक.

फोन नंबरच्या ओळीखाली थांबले. ग्रिसेल्दानं शब्द सांगितला, मी बोटानं एकेक अक्षर टाकलं. एवढंच काम होतं.

मग ब्लासिदाला बोलावलं. एक खोटं नाव पूर्ण भरलं, दुसरं अर्ध्यावर ठेवलं आणि तिला म्हटलं, "ओढ."

"आभाळात ढग नाही."

"ओढ म्हणते ना!"

तिनं छातीवर क्रॉसची खूण करून वायर ओढली. पुन्हा सुरू केलं. पूर्ण नाव होतं. अर्धं नव्हतं. तिच्या खोलीत धावलो, तिथंही तसंच. कोमाद्रे माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी सकाळीच टाकली होतीस."

"सकाळीच."

"बरं. माशी माझीच होती." यापेक्षा मोठी माफी तिनं नवऱ्याचीही मागितलेली नाही.

३१ ऑक्टोबर

महिन्यात दोन वादळं झाली, एक नाव गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, यादी राहू दे. "पण एक खरीखुरी गरज पडू दे, मग मी मानीन." मी म्हटलं, असं बोलू नये.

१४ नोव्हेंबर

दुपार. मी घरी अडकलेय. ओढ्याचं पाणी पुलावर चढलंय, दवाखाना पलीकडे. फोन लागत नाही. पाणी चढायच्या आत दवाखान्याची गाडी भोंगा वाजवत गेली, आत निन्फा होती. तिची सासू खिडकीतून ओरडली, "वेळ आली!"

ओ निगेटिव्हची माणसं मला पाठ आहेत. एक कापणीला सीमेपलीकडे गेलाय, एकाला ताप आहे, एकानं गेल्या महिन्यातच दिलं. आणखी एक आहे: क्लोतिल्दे, बसथांब्यावर चिपा विकते. आज सकाळीच गटाचं कार्ड दाखवून नाव लिहून गेली. ब्लासिदाला ती माहीत नाही. नाव भरलं, फोन नंबर भरला, आणि ढग वाजला. मी वायर ओढली.

काराई अपारिसिओ म्हणाले, मी पोचवतो नाव, लहानपणी हा ओढा पोहलोय. दोघं काठाशी गेलो. छातीपर्यंत गेले आणि पाण्यानं त्यांना फिरवलं. दोरीनं ओढून आणलं. आता माझ्या स्वयंपाकघरात वेन्सेचा स्वेटर घालून बसलेत, दात वाजतायत.

"नाव तिथं असेल ना?" विचारतात.

असेल. मी शेवटपर्यंत भरलं होतं.

१५ नोव्हेंबर

पाणी उतरताच पूल ओलांडला. चिखल गुडघ्यापर्यंत. ब्लासिदा दारातच होती, रात्रभराच्या जाग्या डोळ्यांनी.

"मुलगी," ती म्हणाली. "तीन किलोची, आवाज तुझ्यासारखा."

"आणि निन्फा?"

"झोपलीय. खूप गेलं, कोमाद्रे. जनरेटरवर यादी उघडली आणि तुझी चिपावाली समोर. ड्रायव्हरला, म्हणजे आपल्या गाडीवाल्याला, पिटाळलं. ती टोपली डोक्यावर घेऊनच आली. रक्त देता देता डॉक्टरांना चिपा विकले!"

मी निन्फाच्या खोलीत जाऊन पाहून आले. रंग अजून कागदासारखा आहे, पण श्वास नीट. बाळ मला दाखवलं. मी हात धुऊन घेतलं तिला.

निघताना ब्लासिदा म्हणाली, "क्लोतिल्देला आता चार महिने बोलवायचं नाही, लक्षात ठेव."

"प्रोग्राम तीन म्हणतो."

"प्रोग्राम चुकतो. पुरुषांना तीन, बायांना चार. आम्ही आपले मनातच एक वाढवून घेतो."

"इतकी वर्षं?"

"वेन्सेला सांगितलं होतं. करतो म्हणाला." ती हातमोजे काढत राहिली. "मग तो गेला."

"आणि मला?"

"तुला कोण सांगणार?"

१९ नोव्हेंबर

सकाळी दवाखान्यातून ताजी प्रत आणून घरच्या कॉम्प्युटरवर वेन्सेचा प्रोग्राम उघडला. ग्रिसेल्दाला फोन केला नाही. तारखेची ओळ माझी मीच शोधली. बाई असेल तर चार, नाहीतर तीन. लिहायला दुपार गेली, तीनदा चुकलं. चौथ्यांदा क्लोतिल्देच्या नावापुढे मार्च आला.

मग मला राग आला. इतका की मी मोठ्यानं बोलायला लागले. "करतो म्हणालास! तुझं करतो म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं का? खुराड्याचं दार करतो. अंगणातला दिवा करतो. बायांना एक महिना आधी रक्ताला बोलवत होतास, आणि नर्स तुझ्या चुका मनात दुरुस्त करत होत्या, आणि मी 'त्याच्या ओळीला हात लावू नका' म्हणून सगळ्यांच्या अंगावर जात होते!" दोन वर्षांत मी त्याच्याशी एकदाही भांडले नव्हते. मेलेल्याशी नीटच बोलायचं असतं असं धरून चालले होते. आता थांबता येईना. दिव्यावरून खुराड्यावर आणि खुराड्यावरून त्याच्या भावाच्या लग्नापर्यंत गेले.

मागे वळले तर काराई अपारिसिओ दारात, तेरेरेचं, म्हणजे आमच्या गार चहाचं, भांडं आणि बर्फ घेऊन उभे.

"कुणाशी बोलताय, न्या देओलिंदा?"

"नवऱ्याशी."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "मग मी नंतर येतो."

"बसा," मी म्हटलं. "झालं आमचं."